मऊ बटणाचा माऊस

कॉम्प्युटरच्या दुकानात शिंपीकाका चार्जर घ्यायला रांगेत उभे होते. पुढचं म्हातारं जोडपं स्वस्तातले माऊस बघत होतं.

"अहो, बोट टेकतं, पण बटण दाबलं जात नाही."

"दुसरा दाखवा हो, मऊ बटणाचा."

"हा घ्या आजोबा. हलका आहे, गेमला उत्तम. नातवासाठी का?"

"नातू कसला! आम्हीच खेळतो, बंदुकांचा गेम. आजारपणात हिच्या हातातली ताकद गेली. डॉक्टर म्हणाले, बोटं हलती ठेवा."

"आणि गेममध्ये मी समोर आले की यांची बंदूक रोज बरी अडकते!"

"माझा माऊस जुना आहे गं."

"काल तर पाठ करून उभे होतात!"

शिंपीकाकांची नजर तिच्या बोटावर खिळली. बोट थरथरलं, टेकलं, मग हळूच खाली गेलं.

टक्.

"वाजलं! अगं, वाजलं!"

"हळू, लोक बघतायत. भाऊ, हाच द्या. आणि अहो, आता खरं खेळायचं. मुद्दाम हरलात तर बोलणार नाही."

"बरं बाई, नाही हरत."

"नक्की?"

"नक्की. उद्यापासून."