वाकवलेले खिळे

(समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावची शाळा. एप्रिल २००४, सकाळची वेळ. परवाच्या वादळानं चौथीच्या वर्गाचं अर्धं छत उडालं. उरलेल्या अर्ध्या छताखाली तानबा सुतार उभा आहे. दोन रात्री त्याच्या डोळ्याला डोळा नाही. समोर सदाशिवराव. जाम गावात त्यांचं हार्डवेअरचं दुकान, अन् दिवाळीत बांधलेल्या या खोलीचा ठेकाही त्यांचाच.)

तानबा : त्या थैलीले हात नाई लावणार मी.

सदाशिवराव : अरे, हुक आहेत, साप नाहीत! वीस हुक. दाराकडच्या दोन ओळींना लाव, वरून काळ्या रंगाचा हात फिरव. अकराला साहेब येतात तपासायला. ते दारात उभे राहून वर बघतील, झालं.

तानबा : अन् नट? नट वरून कसावा लागते. वर टिन हाय. टिन काढल्याबिगर नट कसा कसू?

सदाशिवराव : नट कशाला पाहिजे? गिरमिटानं भोक पाड, खालून आकडा ठोकून दे. खालून दिसला म्हणजे बस.

तानबा : म्हंजे आजबी नुसतं दिसाले पाह्यजे.

सदाशिवराव : तानबा, फालतू तोंड चालवू नको. टाइम नाही.

तानबा : दिवाळीत कुठं गेलते हे हुक?

सदाशिवराव : जुनं कशाला उकरतोस?

तानबा : जुनं? पाच महिने झाले सेठ. तीनदा आलतो तुमच्या दुकानात. का म्हणलं मी? छत तोलणारी कैची लोखंडाची हाय, वर सागाच्या पट्ट्या टाकाच्या हाय. लोखंडात खिळा घुसत नाई. हुक पाह्यजे. पट्टीतून पार जाणारा, खालून अँगलले मिठी मारणारा. तुमी का म्हणले?

सदाशिवराव : म्हणालो असेन, माल येतोय.

तानबा : "नागपूरवरून येऊन राह्यला." दोनदा हेच. तिसऱ्यांदा म्हणले, लांबवाला खिळा घे, पट्टीतून खाली काढ, अन् अँगलखाली वाकवून दे. तुमच्याच दुकानातून पाच किलो खिळे मोजून देल्ले.

सदाशिवराव : आणि तू वाकवलेस. मी चढलो होतो का वर? हातोडी कोणाची?

तानबा : माही.

सदाशिवराव : मग झालं तर! देख, मी तुला फसवायला नाही आलो. वाचवायला आलोय. वादळ आलं, छत गेलं. निसर्गापुढे कोणाचं चालतं? साहेब तसंच लिहून नेतील. पण वर वाकवलेला खिळा दिसला ना, तर पहिला प्रश्न सुताराला... आता या खिचडीवाल्या बाई कशाला आल्या? आनंदाबाई, घरी पडून राहा ना. हाताला प्लास्टर आहे तुमच्या.

आनंदाबाई : गंज न्याले आली, खिचडीचं पातेलं. परवा खिचडीचा गंज इथंच उलथला, अन् त्याच्यावर मी. तुमची गाडी दिसली, म्हणलं सेठजी पाहाले आले वाटते, कोण मेलं, कोण वाचलं.

सदाशिवराव : असं बोलू नका, बाई. दवाखान्यात फळं पाठवली होती मी.

आनंदाबाई : चार केळी. डाव्या हातानं सोलून खाल्ली. उजवा तुमच्या पट्टीनं मोडला.

सदाशिवराव : माझ्या पट्टीनं कसा? वादळानं!

आनंदाबाई : पोरं हात धुवाले बोरिंगवर गेलते. थोडंसं आधी वारं सुटलं असतं, तर बावीस पोरं इथं ताटं घेऊन बसलेली होती. बावीस. माही समीक्षा त्याच कोपऱ्यात बसते. तुमी केळी कोणाकोणाकडे पाठवली असती?

तानबा : आनंदाबाई, ते खिळे मी वाकवलते.

आनंदाबाई : मले माईत हाय. तुमीच होते ना निसनीवर चढलेले. मी खाली बसून तांदूळ निवडो.

तानबा : चाळीस वर्षं कवेलूची, म्हंजे कौलाची घरं बांधली मी. कवेलूच्या घरात पट्टी वजनानं दबून राह्यते. एका पट्टीवर मणभर कवेलू बसते, ते जाईन कुठं? खिळा नावाले असते. मले वाटलं इथंबी तसंच. पण टिनाले वजनच नाई. वारं खालून शिरलं अन् पट्टीसकट उचललं. तुमच्या केसातला आकडा ओढावा तसे खिळे सरळ झाले. हे मले समजाले पाह्यजे होतं. या वयात नाई समजलं. चूक माही हाय.

सदाशिवराव : ऐकलं? स्वतःच्या तोंडानं सांगतोय.

आनंदाबाई : तुमी चूप बसा जी जरा. तानबाभाऊ, मंग तो काळा रंग कायले मारला? मी रोज वर पाहो. वाटे, केवढाले हुक हाय बाई, हे का पडते!

तानबा : रंगवाला या सेठनं धाडला. वाकवलेल्या खिळ्यावर काळा रंग मारला का खालून हुकच दिसते. म्हणून म्हणतो, माही चूक हाय, पण यायची नुसती चूक नाई. यायले ठाऊक होतं. चूक झाकाले कोणी आधीच रंग धाडते का?

सदाशिवराव : तोंड सांभाळ, तानबा! रंग गंजू नये म्हणून मारतात. हुक आले नाहीत त्याला मी काय करू? मी काय कारखाना टाकला आहे हुकांचा?

तानबा : आलते.

सदाशिवराव : काय?

तानबा : हुक आलते. काल मी जामले गेलो. तुमच्या नव्या गोदामात आत शिरून वर पाह्यलं. तुमचा नोकर नको नको म्हणत होता, मी म्हणलं थांब रे, छत पाहू दे. एक एक पट्टी हुकानं कसलेली. वर वायसर, वायसरावर नट. एक जागा खाली नाई. परवाचं वारं जामवरूनच इकडं आलं सेठ. तुमचं एक टिन वाजलंबी नाई.

आनंदाबाई : अगं माय माय! सिमेंटच्या पोत्यायले हुक, अन् पोरायले खिळे!

सदाशिवराव : गोदामाचा माल वेगळा होता.

आनंदाबाई : मंग निसर्ग तुमच्या गोदामावर काऊन नाई कोपला? तुमची वळख हाय का त्याच्यासंग?

सदाशिवराव : बस्स! तानबा, शेवटचं सांगतो. हायस्कूलची सगळी दारं-खिडक्या यंदा तुलाच देणार होतो. शब्द टाकून ठेवला आहे मी. आज इथे तोंड उघडलंस, तर या तालुक्यात पाटाचा मोडका पाय बसवायलाही तुला कोणी बोलावणार नाही. कागदावर लिहिलं जाईल, छत सुताराच्या हातून पडलं. तुझं नाव. माझं नाही.

तानबा : लिहू द्या. पडलं तर माह्याच हातून ना.

सदाशिवराव : वेडा झालास काय? म्हातारपणी खाशील काय?

तानबा : आनंदाबाई, त्या पेटीतून माही कानस द्या बरं. मोठीवाली. अन् निसनी इकडं घ्या, त्या उरलेल्या पट्टीखाली.

सदाशिवराव : हां, हे बघ, आली ना अक्कल! घे, थैली घे. पहिला हुक त्या कोपऱ्यात...

तानबा : थैली ठेवा गाडीत.

सदाशिवराव : मग कानस कशाला?

तानबा : साहेब खालूनच पाहीन. खालून सारं काळं दिसते. रंग खरवडला का खिळा खिळ्यावानी दिसन. साऱ्याच्या साऱ्या खिळ्यायचा रंग काढतो. मंग सांगतो, वाकवले कोणं अन् वाकवाले लावले कोणं. मंग त्यायले म्हणतो, चला, जामचं गोदामबी पाहून येऊ.

सदाशिवराव : ए! उतर खाली! शाळेचं छत आहे ते, हात लावू नको! सरकारी वस्तू आहे!

आनंदाबाई : आत्ताच तर त्याले गिरमिटानं भोकं पाड म्हणत होते तुमी, येता येता आयकलं मी. घडीभरात सरकारी झालं?

सदाशिवराव : बाई, शिडी सोडा. पडला तर तुमच्यावर येईल.

आनंदाबाई : परवा आलंच की माह्यावर. मेली नाई मी. चढा भाऊ. डाव्या हातानं धरली हाय, पण धरली हाय.

सदाशिवराव : तानबा, ऐक. थांब. एकदा बसून बोलू आपण. तानबा!

तानबा : वर नका पाहू, आनंदाबाई. डोळे मिटून घ्या. रंगाचे पापुद्रे पडून राह्यले.