किडका चिखल

नाशिकला समुद्र नाही, पण आमच्या घरी एकदा खाडी ताटात आली होती. खारफुटीचं जंगल धडधाकट आहे की नाही, हे मी तिथल्या चिखलातले किडे बघून ठरवते. जितके तऱ्हेतऱ्हेचे किडे, तितकं जंगल निरोगी.

तर कोकणातून आणलेला असाच चिखल मी गंगापूर रोडच्या घरी चाळणीत धुतला, स्टीलच्या ताटात काढून ठेवला आणि आंघोळीला गेले. येऊन बघते तर आईने चष्मा लावून, तांदूळ निवडावेत तसं अख्खं ताट निवडलेलं.

"घे. आता शोधून एक किडा सापडायचा नाही," ती म्हणाली.

मी ओरडले, "अगं आई, मला किडेच हवे होते. टाकलेस?"

"टाकीन कशी? वाटीत काढून ठेवलेत."

वाटीत खरंच सगळे होते, अगदी बारीक शंखांसकट. जिवात जीव आला. म्हटलं, "पण तू ठेवलेस कशाला?"

"किडके तांदूळ परत करताना दुकानदाराला किडे दाखवायला लागतात ना? ज्याच्याकडून आणलास त्याला ही वाटी दाखव. मुकाट बदलून देईल."