फिलूबायचा उपास

रविवारी सकाळी रेवदंड्याच्या धक्क्यावर होडीची वाट बघत प्रमोदिनीबाईंनी वर्तमानपत्र उघडलं खरं, पण कान मागेच होते. मागे भाजीची पाटी घेऊन ठमाबाई बसली होती आणि तिच्याशेजारी कोर्लईच्या चर्चला निघालेली फिलूबाय.

“फिलूबाय, भाकर खा. तोंड सुकलंय.”

“न्हाय गो. ख्रिस्तशरीर घ्यायचं तर मध्यरात्रीपासून पानीपन चालत न्हाय.”

“केळं तरी?”

“केळंपन न्हाय.”

“आमची एकादशी बरी, दुप्पट खातो. आन् एवढं करून मिळतं काय?”

“पापडीएवढी पातळ पोळी.”

“एवढ्याशा प्रसादासाठी?”

“प्रसाद देव देतो. ही पोळी म्हंजे देवच. रांगेतल्या सगळ्यांच्या पोटात जातो.”

“तुझ्या जावेच्यापन?”

“तिच्यापन.”

“बोंबील वाळवायच्या जागेवरून बोलनं सोडलंस, ती? मग एका ताटात जेवल्यासारखं झालं की.”

“म्हनून तर पावसाळ्यापासून घेतलं न्हाय. जाते नि तशीच परत येते. फादर म्हनतात, आधी तिच्याशी बोल.”

“मग उपास कशाला करतीस?”

“वाटतं, आज बोलेन.”

“बोललीस. खा मुकाट.”

फिलूबायने भाकरी हातात घेतली. तेवढ्यात होडी लागली. सगळ्या चढल्या. मागून आलेली फिलूबायची जाऊ इसाबेल होडीत पार टोकाला जाऊन बसली.

“इसाबेल, तिथं पानी उडतं. इकडं ये, जागा हाय.”

प्रमोदिनीबाईंचं पान उलटायचं राहिलं. इसाबेल उठली, आली, टेकली. फिलूबायने भाकरी पाटीत परत ठेवली.

“आता गो काय झालं?”

“परतताना खाऊ. तिघी.”