मालूबाईला काहीच तकलीफ नाही

मोनाली : आजी, चौथा सवाल परत वाचते. घराबाहेर पायी जाताना तुम्हाला काय परेशानी होते?

मालूबाई : काहीच तकलीफ नाही, असं लिही. आणि चहा घे आधी, थंडा होऊ राहिला.

मोनाली : घेते. पण वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे दुखतात, हे आत्ताच तुम्ही सांगितलं. मग चालताना काहीच नाही?

मालूबाई : गुडघे माझे. त्याले नगर निगम काय करेल?

मोनाली : लोधीपुऱ्यात माझे अकरा आज्यांचे फॉर्म भरून झाले. अकराच्या अकरा जणींचं हेच उत्तर. शब्दसुद्धा तेच.

मालूबाई : असणारच. मंगळवारी भजनात ठरलं आमचं.

मोनाली : काय ठरलं?

मालूबाई : की सर्वेवाल्या पोरीपुढं कोणी रडगाणं गायचं नाही. घरात सुना करतात, गल्ली सांभाळून घेते, अन् वर कागदावर तक्रार लिहायची? लाज नाही वाटणार?

मोनाली : आजी, ही तक्रार नाहीच. बुजुर्गांसाठी शहर ठीक करायचं, म्हणून विचारतोय. जिथले लोक म्हणतील बसायला जागा नाही, तिथं बेंच लागतील. जिथं सगळं बढिया, तिथं कशाला लावतील? आज संध्याकाळी फॉर्म जमा करायचे आहेत मला.

मालूबाई : मले बेंच काहून पाहिजे? सिंधीपुऱ्यात माझी पाठची बहीण राहते, लीला. तिले लकवा मारला तेव्हापासून रोज जाते मी. मी वेणी घातल्याशिवाय जेवत नाही ती. घरून निघाली की निंबा शिंप्याच्या दुकानापर्यंत दम पुरतो. तो मले लांबून पाहतो, मशीन थांबवतो, स्टूलावरचे कपडे उचलतो अन् स्टूल बाहेर सावलीत मांडतो. अर्धा तास बसली तरी कधी कपाळाला आठी नाही त्याच्या. सहा वर्षं झाली. आता मी लिहू, की बसाले जागा नाही? त्याच्या कानावर गेलं तर काय वाटेल त्याले?

मोनाली : काल त्यांच्याकडेच होते मी. ते पण साठच्या वरचे, त्यांचाही फॉर्म भरला.

मालूबाई : त्यानंही काहीच नाही सांगितलं असेल.

मोनाली : सांगितलं. आणि म्हणाले, मालूबाईंना वाचून दाखव, माझ्या तोंडून निघत नाही.

मालूबाई : वाच मग.

मोनाली : “या गल्लीत म्हाताऱ्या माणसाला बसायला जागा नाही. मला आता सुईत दोरा ओवता येत नाही. दिवाळीनंतर दुकान बंद करून शाहपूरला मुलाकडे जाणार. माझ्या दुकानापाशी सावलीत एक बेंच लावा, पाठ टेकता येईल असा. मालूबाई तिथंच थकतात. त्यांना पुढं बहिणीकडे जायचं असतं.”

(मालूबाई पदराने चष्मा पुसते.)

मालूबाई : पाठ टेकता येईल असा, म्हणाला?

मोनाली : दोनदा म्हणाले. स्टूलावर तुमची पाठ दुखत असणार, पण तुम्ही बोलत नाही, म्हणाले.

मालूबाई : दुखते. घरी कोणाले माहीत नाही अजून. कसली माणसं दिली व देवानं मले. मी समजू राहिली होती की मी त्याचा मान राखते. अन् तो जाता जाता माझी सोय लावू राहिला.

मोनाली : मग चौथा सवाल?

मालूबाई : खोड ते. लिही, निंबाच्या दुकानापाशी दम संपतो, तिथं बेंच पाहिजे. अन् सहा वर्षं त्यानं मले बसवलं, तेही लिही. नावानिशी.

मोनाली : त्याच्यासाठी रकाना नाही आजी.

मालूबाई : मग कागदाच्या मागं लिही. पण लिही.

मोनाली : लिहिते. आणि बाकीच्या अकराजणी?

मालूबाई : तुझ्यासंग मी येते. ठरवलं मीच होतं, मोडणार पण मीच. ती काठी दे.

मोनाली : पहिलं घर कोणाचं? कोकिळाबाईंचं?

मालूबाई : आधी निंबाकडे चल. सहा वर्षं बसाले गेली. आज त्याले भेटाले जाते.