हात का थरथरतो

कुएन्का शहरातल्या दवाखान्यात माझ्या पुढच्या बाकावर म्हातारा न्हावी अब्दोन आणि त्याची शिवणकाम करणारी मुलगी सोइला डॉक्टरांनी दिलेला फॉर्म भरत बसले होते.

"हात कधी थरथरतो?"

"थरथरत नाही."

"पप्पा, परवा गिऱ्हाइकाचा कान कापलात!"

"त्यानंच मान हलवली."

"देवा! बरं, नुसता मांडीवर ठेवला तर?"

"तेव्हा नाही. वस्तरा धरला की."

"म्हणजे थरथरतो! कॉफी किती?"

"दोन कप."

"सात. मी मोजलेत. आणि दारू?"

"सकाळी एक घोट. दुकान उघडायच्या आधी."

"तरीच गाव म्हणतं, पिऊन पिऊन हात गेला."

"उलटं आहे गं. घोट घेतला की हात तासभर थांबतो, म्हणून घेतो. मला कुठे आवडते ती?"

"हे आधी का नाही सांगितलंत? वर्षभर मी बाटल्या मोरीत ओततेय!"

"तू विचारलंस कधी? तू नुसती ओरडत होतीस."

"पुरे. घरात आणखी कुणाला आहे?"

"आईला होतं. चमचा तोंडापर्यंत जायचा नाही, वाडगं तोंडाला लावून सूप प्यायची."

"आजीला? बरं, लिहिलं. आणखी?"

"तुझं नाव लिही."

"माझं? काहीतरीच!"

"सुईत दोरा ओवायला शेजारीण लागते हल्ली तुला."

"डोळे अधू झालेत माझे."

"मग चष्मा का नाही घेतलास?"

"पुढचा प्रश्न बघू."

"पोरी?"

"बोलू नका माझ्याशी."

"बरं."

"हे घ्या पेन. माझं नाव तुम्हीच लिहा."