हिरेगुडीचं नाव

सोलापूर स्टेशनवर पुण्याच्या गाडीची वाट पाहत वामनराव पुस्तकात डोकं घालून बसले होते. पण शेजारच्या बाकावर शेतकी कॉलेजातले मास्तर आणि त्यांना पोचवायला आलेले हिरेगुडीचे पानमळेवाले धोंडप्पा बोलू लागले, आणि वामनरावांचं वाचन तिथंच थांबलं.

"धोंडप्पा, तुमच्या शेवरीच्या पाल्यावरची ही काळी बुरशी आजवर जगात कुणी नोंदलेली नाही. तिला तुमच्या गावाचं नाव देणार मी. हिरेगुडेन्सिस!"

"रोगाला आमच्या गावाचं नाव?"

"अहो, मान आहे तो."

"मान तुमाला. मग आमची विड्याची पानं कोन घील?"

"बुरशी शेवरीवर आहे, पानवेलीवर नाही."

"वेल शेवरीवरच चढवलाय की! गिऱ्हाइकाला कोन समजावनार?"

"हे लॅटिनमध्ये छापतात. जगात दहा माणसं वाचतील."

"त्यात एक अक्कलकोटचा पानवाला निगाला म्हंजे?"

"मग कुणाचं देऊ?"

"तुमचं द्या."

"स्वतःचं द्यायची रीत नाही."

"तर तुमच्या सायबाचं द्या."

"साहेबांचं आधीच दोन बुरश्यांना दिलंय."

"मग तिसरी काय जड हाय व्हय त्यास्नी?"

"बरं बाबा, साहेबांचं. पण ती सापडली कुठं, ते लिहावंच लागतं."

"लिवा की, सोलापूर जिल्हा. जिल्हा लई मोठा हाय, मास्तर. समद्यांनी वाटून घेतली, तर बदनामी कुनाच्याच अंगाला लागायची न्हाय."