आत्याच्या पद्धतीने टीमची चौकशी

माझी नोकरी पक्की झाली ती आत्यामुळे, ऐका.

हेज फंड म्हणजे श्रीमंतांचा पैसा बाजारात खेळवणाऱ्या कंपन्या. तिथे तोटा झाला की अख्खी टीम एका दुपारीत घरी जाते. परदेशातून शिकून आलो आणि मुंबईतल्या अशा दोन टीमनी मला नोकरी देऊ केली. दोन्हीकडचे साहेब म्हणाले, “आमची टीम म्हणजे कुटुंब.” आता कुणाचं खरं मानायचं?

संत तुकाराम नगरच्या घरी आत्या मेथी निवडत होती. म्हणाली, “मुलगा कसा आहे हे त्याच्या बापाला विचारतात का रे? तुझ्या ताईला स्थळ आलं तेव्हा मी महाळुंग्याला गेले, त्या मुलाचं आधी जिच्याशी मोडलं होतं तिच्या घरी.”

“त्यांनी सांगितलं?”

“चहा पाजून सांगितलं. म्हणून तर नकार दिला.”

पटलं राव. मी दोन्ही टीम सोडून गेलेली माणसं शोधली. पहिल्या टीमचा म्हणाला, “भावा, वर्षभरात तीन साहेब बदलले. तिकडे फिरकू नकोस.”

दुसऱ्या टीममधल्या एकीने वडिलांच्या आजारपणासाठी नोकरी सोडली होती. ती फोनवर बोलतच राहिली. वर्षानुवर्षं तीच माणसं, चूक झाली तर सगळे मिळून शोधतात, आणि कमाईही चांगली. मला खुर्चीत बसवेना.

म्हटलं, “ताई, म्हणजे टीम चांगली आहे ना?”

“बाबा आता बरे आहेत,” ती म्हणाली. “तुम्ही नाही म्हणणार असाल तर आधी मला कळवा. ती जागा मीच मागणार आहे.”

तिचा फोन चालू असतानाच मी होकार पाठवून दिला.